एकच पिल्लू सगळ्यांना टोचतंय, त्याला वेगळं काढायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोंबडीची सात पिल्लं, वय चार आठवडे, पहिल्या दिवसापासून एकाच ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्यात, वाढलेली. गेल्या काही दिवसांपासून त्यातलं एक बाकीच्यांच्या अंगावर धावून जातंय. सगळ्यांत लहान पिल्लाची शेपटीजवळची पिसं त्यानं उपटलीत, आणि आत हात घातला की हातालाही चोच मारतंय. त्याला वेगळं काढायचं का, आणि मोठं झाल्यावरही ते असंच राहणार का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच धास्तीनं माणसं घाईचे निर्णय घेतात. चार आठवड्यांच्या पिल्लाच्या वागण्यावरून त्याचा पुढचा स्वभाव ठरवू नका. या वयात सगळ्यांत आगाऊ असलेलं पिल्लू पुढे शांत तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी, होऊन फिरताना दिसतं, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं ते माणसाच्या पायांवर झेपावणारा कोंबडा निघतं. नराचा खरा ताव वयात येताना, साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात चढतो. आत्ता जे चाललंय त्यात बहुतेक वेळा पिल्लाचा दोष कमी आणि खोक्याचा जास्त असतो. म्हणून पिल्लाला शिक्षा देण्याआधी ब्रूडर तपासायचा. लहान पिल्लाच्या अंगावर रक्त दिसत असेल तर मात्र पुढचं नंतर वाचा, आधी त्याला बाहेर काढा. रक्ताचा लाल ठिपका दिसला की शांत पिल्लंही तिथेच टोचू लागतात. एकाची खोडी तासाभरात सगळ्यांची होते.

आता खोकं. ते केवढं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पिल्लं आणली तेव्हाचंच असेल तर ते नक्की अपुरं पडत असणार. पहिले चार आठवडे दर पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट जागा लागते, त्यानंतर आठव्या आठवड्यापर्यंत एक चौरस फूट. म्हणजे सात पिल्लांना आता सात चौरस फूट. दोन बाय दीड फुटांच्या खोक्यात तीनच चौरस फूट होतात, आणि नेमक्या याच वयात पिल्लं पंख फडफडवत उड्या मारायला लागतात. एकाची उडी दुसऱ्याच्या पाठीवर पडते आणि तिथून भांडण सुरू होतं. पळायला जागा असेल तर हरलेलं पिल्लू चार पावलं लांब जातं आणि विषय संपतो. जागा नसेल तर ते जिंकणाऱ्याच्या चोचीखालीच उभं राहतं, आणि जिंकणाऱ्याच्या लेखी ते अजून हटलेलं नसतं. मग मार चालूच राहतो.

उष्णता हे दुसरं मोठं कारण, आणि हे माणसं हमखास विसरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागतात. नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी खाली यायचं, म्हणजे चौथ्या आठवड्यात २६ च्या आसपास. बल्ब पहिल्या दिवशी टांगला त्याच उंचीवर अजून असेल तर पिल्लं तापलेली आहेत. तापमापक नसला तरी पिल्लंच सांगतात: चोच उघडी ठेवून धापा टाकत, पंख अंगापासून लांब धरून भिंतीकडेला पसरली असतील तर गरम होतंय. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. गरमीनं पिल्लं चिडचिडी होतात आणि चिडचिड शेजाऱ्यावर निघते. ब्रूडरचं एक टोक उबदार आणि दुसरं गार असलं पाहिजे, म्हणजे ज्याला जे हवं ते ते निवडेल.

उजेडाचंही तसंच. चोवीस तास पांढरा झगझगीत बल्ब असेल तर टोचणं वाढतं. त्या उजेडात एकमेकांच्या अंगावरचं सगळं दिसतं, विशेषतः नवीन फुटणाऱ्या पिसांची रक्तानं भरलेली निळसर-गडद नळी. चौथ्या आठवड्यात अशा नळ्या शेपटीवर आणि पंखांवर भरपूर असतात. ती नळी तुटली की भळाभळा रक्त येतं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. लाल बल्ब लावा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे उजेड न देणारा सिरॅमिक हीटर किंवा उबेची प्लेट, आणि रात्री खरा अंधार होऊ द्या. झोप मिळालेली पिल्लं कमी भांडतात.

खाद्यात काय देताय? पिल्लांच्या स्टार्टरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांसाठीच्या तयार खाद्यात, साधारण २० टक्के प्रथिनं असतात आणि या वयाला ती लागतात, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, आणि केराटिन हे प्रथिनच. सगळं अंग एकाच वेळी पिसं फोडत असताना त्यात कण्या, शिळा भात, पोळीचे तुकडे घालत राहिलं की पोट भरतं आणि प्रथिनांची टक्केवारी खाली येते. मेथिओनिन हे अमिनो आम्ल आणि मीठ कमी पडलं तरी पिल्लं पिसं ओढू लागतात. याची एक खूण नीट बघा. ते आगाऊ पिल्लू पीस उपटतं तेव्हा पुढे काय करतं? टाकून देऊन परत समोरच्याकडे वळलं तर ती दादागिरी. पीस चोचीत फिरवून गिळून टाकलं तर आधी खाद्याचा संशय घ्या: आठवडाभर फक्त स्टार्टर द्या, वरचं काहीही नको.

भांड्यांबद्दल एवढंच की एक भांडं म्हणजे एक पहारेकरी. दर पिल्लाला या वयात साधारण ५ सेंटीमीटर कड लागते, पण सातांना ३५ सेंटीमीटरचं एकच भांडं ठेवून काम होत नाही, कारण दांडगं पिल्लू त्यासमोर उभं राहतं. दोन भांडी दोन टोकांना ठेवा, पाणीही दोन ठिकाणी, आणि मध्ये एखादं खोकं किंवा वीट असा आडोसा करा, म्हणजे इकडून तिकडचं दिसणार नाही. लपण्यासाठी पालथं खोकं ठेवलंत तर त्याला दोन तोंडं पाडा. एकाच तोंडाचं खोकं म्हणजे लहान पिल्लासाठी सापळाच.

एवढं केल्यावर शांतपणे बसून बघा. ब्रूडरपासून लांब, हालचाल न करता, निदान अर्धा तास, कारण तुम्ही जवळ असता तेव्हा पिल्लं तुमच्याकडे बघत असतात आणि खरं वागणं दिसत नाही. दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, पण त्या वेगळ्या ओळखायच्या आहेत.

पहिली म्हणजे जोर अजमावणं. दोन पिल्लं समोरासमोर येतात, माना उंचावतात, गळ्याची पिसं फुलवतात, क्षणभर एकमेकांच्या डोळ्यांत बघत थांबतात. मग दोघंही उडी मारून छातीला छाती भिडवतात. एक मान खाली घालतं किंवा बाजूला वळतं, दुसरं तिथेच थांबतं, आणि पुढच्या मिनिटाला दोघं शेजारी शेजारी तूस उकरत असतात. हे चाललंच पाहिजे. कोंबड्यांमध्ये कोण कुणाच्या वर हे ठरलेलं असतं, हे नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरप-एब्ब या प्राणिशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. लहानपणापासून तो कोंबड्या न्याहाळत आला होता, कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवत होता. पिल्लांत ही उतरंड साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात बसते, आणि त्याची तयारी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या या उड्यांपासूनच सुरू होते. माणसांना ते बघवत नाही म्हणून मध्ये हात घालतात. प्रत्येक वेळी तुम्ही लढत अर्धवट सोडवलीत तर ती दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून होणार.

दुसरी म्हणजे छळ. इथे समोरासमोर काही नसतं. दांडगं पिल्लू मागून येतं, पळणाऱ्याचा पाठलाग करतं, कोपऱ्यात मान खाली घालून दबलेल्यालाही टोचतच राहतं, खायला गेलं की हाकलतं, झोपलं असेल तर उठवतं. सगळं एकाच बळीवर चाललेलं असतं. निर्णय घ्यायचा तो टोचणाऱ्याकडे बघून नाही, टोचून घेणाऱ्याकडे बघून. रात्री दिवा मंद करून लहान पिल्लू हातात घ्या. गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला, अन्नाची पिशवी बोटांनी चाचपा. दिवसभर नीट खाल्लेल्या पिल्लाची ती संध्याकाळी फुगलेली, भरीव लागते. रिकामी, सैल लागली तर ते उपाशी झोपतंय. शेजारच्या एखाद्या पिल्लाची चाचपून तुलना करा, फरक लगेच कळेल. मग पाठ, शेपटीची मुळं, गुदद्वार आणि पायांची बोटं तपासा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. या वयाचं पिल्लू रोज थोडं तरी वाढलंच पाहिजे. वजन थांबलं असेल तर आणखी वाट बघायची नाही.

मधल्या मध्ये एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. बोटं टोचणं आणि गुदद्वाराशी टोचणं यांना राग समजू नका. बोटं बहुधा भूक, कंटाळा किंवा खाद्य हाताशी नसणं यामुळे टोचली जातात. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून वाळली असेल तर तो गोळाच इतरांना बोलावतो. कोमट पाण्यानं भिजवून हळूच काढा, ओढू नका, आणि पिल्लू पूर्ण कोरडं करूनच परत सोडा. पण तिथे जखम झाली तर बाब गंभीर असते. आतडी बाहेर ओढली जाऊन पिल्लू थोड्याच वेळात मरू शकतं. अशा वेळी रक्ताचा थेंब जरी दिसला तरी त्या पिल्लाला लगेच वेगळं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वेगळं कुणाला काढायचं. जखम असेल तर जखमीला, उपचारापुरतं. जखम नसेल आणि छळ मात्र खरा असेल तर टोचणाऱ्याला. बहुतेक जण उलटं करतात. दया येते म्हणून लहान पिल्लू उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवतात, चार दिवसांनी परत आणतात आणि पहिल्या तासात त्याला पहिल्यापेक्षा जास्त मार बसतो. कारण उघड आहे: गैरहजर राहिलेल्याची उतरंडीतली जागा जाते, आणि परत येणारा नवखा ठरतो. हा नियम मार खाणाऱ्याविरुद्ध वापरण्याऐवजी मारणाऱ्याविरुद्ध वापरायचा. दादा दोन-तीन दिवस बाहेर राहिला की बाकीचे आपापसात मांडणी करून घेतात आणि परत येताना नवखा तो असतो.

पण त्याला दुसऱ्या खोलीत एकटं कोंडू नका. कळपातून तुटलेलं पिल्लू ओरडून ओरडून थकतं, खाणं सोडतं आणि आजारी पडतं. त्याच ब्रूडरमध्ये बारीक जाळीचा आडोसा घालून एक कोपरा वेगळा करा. जाळीची भोकं इतकी लहान हवीत की चोच आरपार जाणार नाही. त्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं खाद्य, पाणी आणि ऊब हवी. एकमेकांना बघतील, ऐकतील, पण स्पर्श नाही. जागेअभावी दूर ठेवावंच लागलं तर एखादं अंगानं भरलेलं, शांत पिल्लू सोबतीला द्या. आरसा ठेवण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. एकट्या पिल्लाला त्यानं थोडा दिलासा मिळतो हे खरं, पण आगाऊ पिल्लू आरशातल्याशीच झुंजत बसतं असंही होतं, त्यामुळे या कामाला मी तो वापरत नाही.

परत सोडायचं ते संध्याकाळी, दिवा मंद झाल्यावर, आणि त्याआधी ब्रूडरची मांडणी बदलून. भांडी हलवा, आडोसे फिरवा, खालचं तूस बदला, दहा-पंधरा सेंटीमीटर उंचीवर बसायला एक काठी लावा. जागा सगळ्यांनाच नवी झाली की जुन्या हद्दी उरत नाहीत आणि पहिला अर्धा तास सगळे नवं काय आहे ते बघण्यात घालवतात. पालेभाजीची एक जुडी डोकं वर करून टोचावी लागेल अशी टांगा आणि सोबत बारीक वाळूचे खडे ठेवा, कारण भाजी पचवायला ते लागतात. एका तसराळ्यात कोरडी माती ठेवली की पिल्लं तिच्यात लोळण्यात गुंतून जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिथे हजर राहा. सगळ्यांत जास्त मारामाऱ्या दिवस उजाडताना, भुकेल्या पोटी होतात. एक-दोन टोचण्या झाल्या तर होऊ द्या. पाठलाग आणि पिसं उपटणं परत सुरू झालं तर पुन्हा जाळीआड, या खेपेला चार-पाच दिवस. दुसऱ्या खेपेनंतर बहुतेक जण सुधारतात.

तुमच्याकडे दोन-तीन आठवड्यांनी मोठी पिल्लं असतील तर याहून सोपा उपाय आहे: दांडग्याला काही दिवस त्यांच्यात ठेवा. अंगानं मोठ्या असलेल्यांच्या एका टोचणीत त्याला जे कळतं ते आपल्या दहा युक्त्यांनी कळत नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबड्यांत मात्र टाकू नका, त्या अनोळखी पिल्लाला जीवे मारू शकतात.

हाताला चोच मारण्याबद्दल. चार आठवड्यांचं पिल्लू हाताला टोचतं ते बहुतेक वेळा कुतूहलानं: चमकणारं नख, अंगठी, तीळ. किंवा भीतीनं, कारण वरून अचानक खाली येणारा हात त्याच्या दृष्टीनं घारीसारखाच. हात वरून नाही, बाजूनं, जमिनीलगत आणि हळू न्या. टोचलं तरी झटकन मागे घेऊ नका. हात पळतो हे एकदा कळलं की तो खेळ होतो. बोटांनी डिवचून लुटूपुटूची झुंज तर अजिबात नको, घरातल्या मुलांनाही ते बजावून सांगा, आणि चेहरा पिल्लाजवळ नेऊ नका, डोळ्यातल्या चमकेवर चोच बसते. अंगावर आलं तर दोन्ही हातांनी उचलून पंख अंगाशी मिटवून धरा आणि शांत होईपर्यंत, मिनिट-दोन मिनिटं, तसंच धरून ठेवा. बस. चापट मारू नका. काही जण पाय धरून उलटं टांगायला सांगतात आणि पिल्लू निपचित होतं ते पाहून जिरली म्हणतात. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट वेगळं करणारा स्नायूचा पडदा, नसतं; उलटं टांगलं की आतले अवयव हवेच्या पिशव्यांवर येतात आणि श्वास कोंडतो. ते शहाणं झालेलं नसतं, घुसमटलेलं असतं.

हे नर असेल का, असंही मनात आलं असेलच. तुरा बाकीच्यांपेक्षा लवकर मोठा आणि गुलाबी-लाल होतोय, पाय जाड आहेत, छाती काढून उभं राहतंय, तर शक्यता आहे. खात्री मात्र पाठीवर कमरेपाशी लांब टोकदार पिसं फुटल्यावरच, आणि त्याला अजून बरेच आठवडे आहेत. आगाऊपणा हा नराचा पुरावा नाही, माद्याही तितक्याच दांडगट असतात. जातीचा भाग मात्र असतो. असीलसारख्या झुंजार रक्ताची पिल्लं काही आठवड्यांची असल्यापासूनच एकमेकांना रक्तबंबाळ करतात. तुमचं पिल्लू त्या जातीचं किंवा संकराचं असेल तर वरच्या उपायांवर फार भिस्त ठेवू नका, त्याची जागा लवकरात लवकर कायमची वेगळी करा. आणि नर असलं तर त्याला मांडीवर घेऊन लाडावू नका. माणसाची भीड चेपलेला कोंबडाच पुढे माणसाच्या अंगावर जास्त येतो.

जखमेचं थोडक्यात. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्यानं धुवा, मग पातळ केलेलं पोविडोन आयोडीन लावा. माणसांची वेदनाशामक मलमं पशुवैद्याला विचारल्याशिवाय लावू नका. जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, लाल रंग झाकतं म्हणून लोकप्रिय आहे, पण अंडी-मांसासाठीच्या पक्ष्यांवर ते सगळीकडे मान्य नाही, तेव्हा तेही विचारूनच. जखमेवर खपली धरून कोवळी पिसं झाकेपर्यंत पिल्लू जाळीआड, आणि परत सोडताना तीच संध्याकाळची रीत. चोच कापण्याचा विचार घरी करूच नका. चोचीच्या टोकात मज्जातंतू असतात, आणि चुकीच्या कापण्यानं पिल्लाचं खाणंच बंद पडतं.

सगळं करूनही तिसऱ्या खेपेला तोच प्रकार झाला, तर हे पिल्लू या कळपाचं नाही असं मानून मोकळे व्हा. थोराड पक्ष्यांचा, भरपूर जागेचा कळप असलेल्या कुणाला तरी द्या. देताना ते का देताय हे सांगा, आणि त्यांनाही ते तीन-चार आठवडे वेगळं ठेवायला सांगा, म्हणजे एखादा रोग सोबत जाणार नाही. घरीच ठेवायचं असेल तर त्याला पिसांनी पूर्ण झाकलेल्या एका सोबत्याबरोबर शेजारच्या जाळीत वाढवा आणि सगळी तलंगवयाची झाल्यावर, मोठ्या मोकळ्या अंगणात, कुणाचीच हद्द नसलेल्या जागी पुन्हा एकदा भेटवून बघा.